आधी चाल, मग शब्द

आमच्या घरात बोलायचं काम यांचं आणि ऐकायचं माझं, अशी वाटणी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात होऊन गेली. मला कुणी विचारलं नाही. हे दात घासताना तोंडात ब्रश ठेवून बोलायचे, जेवताना बोलायचे, गाडी चालवताना तर स्टिअरिंगवरचे हात उचलून बोलायचे आणि मी डोळे मिटून घ्यायची. मी इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत मुलांच्या विभागात कामाला होते. दिवसभर तिथे "हळू बोला" म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन यांना तेच सांगायचं, यात माझी अर्धी हयात गेली. मराठी मंडळात गणपती असोत की दिवाळी, निवेदन यांच्याकडेच. गाणारीला पाच मिनिटं आणि यांना दहा. लोक मागून कुरकुरायचे, आणि एखाद्या वर्षी हे नसले की तेच लोक म्हणायचे, यंदा काही मजा नाही आली यार.

असा माणूस एका सकाळी ओट्यावर चहाचा कप ठेवता ठेवता खाली बसला. मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका होता. अँब्युलन्स वेळेवर आली, डॉक्टर चांगले मिळाले, पाय लवकरच चालायला लागला, उजवा हात थोडा मागे राहिला. समज सगळी शाबूत होती. बातम्या बघून कपाळाला आठ्या पडत होत्या, आमटीत मीठ कमी पडलं तर तोंड वाकडं होत होतं. गेली ती वाचा. अगदी सगळीच गेली असंही नाही, एक शब्द मागे राहिला होता, "म्हणजे". निवेदन करताना दर दोन वाक्यांनी यांच्या तोंडी यायचा तोच.

"म्हणजे..." असं म्हणून हे सुरुवात करायचे. डावा हात वर जायचा, डोळे छताकडे लागायचे, आणि पुढे काही नाही. मी समोर बसून वाट बघायची. मग हे पुन्हा "म्हणजे" म्हणायचे, या वेळी आवाज चढवून, जसं काही मलाच ऐकू येत नाहीये.

खरं सांगते, यांची भाषणं मला परत नको होती. मला एवढंच हवं होतं की मी काहीतरी विचारावं आणि यांनी उत्तर द्यावं. मान हलवून हो-नाही कळायचं, ते नाही म्हणत मी. नुसती मान हलवणाऱ्या माणसाशी धड भांडतासुद्धा येत नाही. भाजी कोणती करू, असं विचारल्यावर "कर काहीतरी" हे जे बिनकामाचं उत्तर जन्मभर ऐकलं, ज्याच्यावरून मी इतक्या वेळा डाव आपटला, त्याच्यासाठी मी आता तडफडत होते. लायब्ररीची नोकरी मी सोडून दिली होती. घरात इतकी शांतता होती की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा.

आमची मुलगी सिअ‍ॅटलला असते. झटका आला तेव्हा येऊन राहिली, मग तिला परत जावं लागलं. रोज संध्याकाळी फोनवर तोंड दाखवायची. "बाबा, से समथिंग ना. एनीथिंग." हे म्हणायचे, "म्हणजे." ती हसायची आणि मग काहीतरी निमित्त काढून कॅमेऱ्यापासून बाजूला व्हायची. आईला काय कळत नाही?

वाचा सुधारायला घरी एक थेरपिस्ट यायची. तरुण पोरगी, शांत, कधी घाई न करणारी. एके दिवशी आमच्या मागच्या अंगणात हरणं आली. इथे हरणं म्हणजे काही कौतुकाची गोष्ट नव्हे, माझी टोमॅटोची सगळी रोपं खाऊन गेलेली चोर आहेत ती. हे खिडकीत उभे होते, आणि यांनी त्या हरणांना एक अस्सल पेठेतली शिवी हासडली. स्पष्ट, खणखणीत, लिहिता येणार नाही अशी. मला आनंदाने काय करू नि काय नको झालं. मी थेरपिस्टला लगेच फोन केला. ती छान वाटलं म्हणाली, पण मग तिने मला हळूच समजावलं. आकडे मोजणं, शिव्या, गुड मॉर्निंग, जन्मभर घासून गुळगुळीत झालेले हे शब्द मेंदूत दुसरीकडेच असतात, ते आपोआप निसटतात. त्यावर फार आशा बांधू नका. ज्या दिवशी ते स्वतः विचार करून, शोधून, एखादा शब्द काढतील, तो आपला. मी फोन ठेवला आणि हरणांना हाकलायला बाहेर गेले.

पुढच्या खेपेला तिने गाण्याचं सुचवलं. गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूला राहतं म्हणाली, तिकडून काही वाट निघते का बघू. यांच्या भाषेतलं, यांना पाठ असलेलं काहीतरी लावा. मला वाटलं, हे तर सोपं आहे. दुपारी टीव्हीवर यांच्या आवडीचं एक जुनं भावगीत लावलं, मंडळात ज्याच्या आधी हे दहा मिनिटं बोलायचे ते. हे ऐकायला लागले, गुणगुणायला लागले, मला तर वाटलं झालंच काम. मग पहिला शब्द अर्धा बाहेर आला आणि अडकला. यांना तो माहीत होता, पुढचा माहीत होता, सगळं कडवं माहीत होतं, आणि काही बाहेर येईना. यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. उजवा हात नीट पोचत नव्हता तरी ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी रिमोट शोधत सगळ्या सोफ्यावर चाचपडत होते, आणि कर्म माझं, तो सापडेपर्यंत गाणं संपलं आणि टीव्हीने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं. टीव्हीवर अजून मुलीचंच अकाउंट होतं, त्यामुळे तो लावायचा ते तिच्या आवडीचं.

समोर एक इंग्लिश मुलगी आली. इंग्लंडमधलीच, तिकडच्या उत्तरेच्या कुठल्यातरी लहान गावातली. पलंगावर मांडी घालून बसलेली, अंगात सुपरमार्केटच्या युनिफॉर्मचं जाकीट, मागे कपडे वाळत घालायचं स्टँड आणि त्यावर कुणाचे तरी मोजे. हातात गिटार. म्हणाली, हे नवीन गाणं आहे, याला शब्द अजून नाहीत, ते येतील तेव्हा येतील, तोवर चाल ऐका. आणि गायला लागली. ना ना ना, डम डी डम, असलं काहीतरी. इतकी गोड चाल, आणि तीत एक शब्द नाही.

यांनी कानांवरचे हात काढले. थोड्या वेळाने हेही तिच्याबरोबर ना ना करायला लागले. तिच्या गाण्यात अडकायला काही नव्हतंच. मी रिमोट हातात धरून उभी राहिले, बसायचंही मला भान नव्हतं.

आता हे आयुष्यभर एका औषध कंपनीत आकडेमोड केलेले गृहस्थ. कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करणं यांना पटत नाही. दुसऱ्या दिवशी यांनी डाव्या हाताने रिमोट घेतला आणि खाली खाली जात त्या मुलीचा सगळ्यात पहिला व्हिडिओ शोधून काढला. तिथून आम्ही सुरुवात केली. रोज दुपारी जेवण झालं की तीन-चार. मी आधी नाक मुरडलं, कबूल आहे. माझ्या डोक्यात गाणं शिकणं म्हणजे गुरू, तानपुरा, वर्षानुवर्षं घोटलेले पलटे. ही बया शाळेतून येऊन दप्तर टाकते, फोन पुस्तकांना टेकवून उभा करते आणि गाते. पहिल्या गाण्यात तर तिचं डोकं निम्मं पडद्याबाहेर. मध्येच आईचा व्हॅक्यूम क्लीनर सुरू होतो, ही थांबते, दारातून ओरडून येते आणि पुन्हा पहिल्यापासून. व्हिडिओखाली कौतुक लिहिणारी माणसं दोघं-तिघं, त्यातली एक तिची मावशी. हे सगळं जगाला दाखवायची हिंमत कुठून आणली असेल त्या पोरीने? मी तर घरी पाहुणे येणार असले की सोफ्यावरची चादर बदलते.

पण बघता बघता मी गुंतत गेले. तिची काम करायची पद्धत अशी की ती गाणं तयार करून दाखवायचीच नाही. गाणं होत असताना दाखवायची. दर रविवारी एक व्हिडिओ. आधी नुसती चाल. पुढच्या रविवारी त्यात दोन-चार शब्द आलेले, बाकी ना ना ना. त्याच्या पुढच्या रविवारी त्यातले दोन शब्द उडालेले, कारण तिला ते खोटे वाटले. कधीकधी महिना जायचा आणि एक ओळही जागेवर बसायची नाही. तिला त्याची लाज वाटत नसे. म्हणायची, आज काही आलं नाही, पण चाल म्हणून ठेवते, जागा राखून ठेवलेली बरी. मी यांच्याकडे बघायची. हे सोफ्यावर बसून तिची चाल म्हणत असायचे, एकही सूर न चुकता, शब्दाविना. ही कुठली कोण, हिला आमच्या घरातलं काय माहीत?

तिची सगळी कारकीर्द आमच्या डोळ्यांसमोर अशी भराभर सरकली. केस एकदा गुलाबी, एकदा निळे, एकदा कापून टाकलेले. गिटारची तार तुटून बोट कापलं, त्यावर प्लास्टर. शाळा संपली आणि सुपरमार्केटचं जाकीट आलं. कामावरून आल्यावर ते न काढताच गायची, आळशी कुठली. मग कुणातरी मोठ्या माणसाने तिचं एक गाणं पुढे पाठवलं आणि एका आठवड्यात लाखो लोक तिच्या त्या खोलीत डोकावून गेले. त्या रविवारी तिला काय बोलावं कळत नव्हतं. सारखी तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि आम्ही दोघं इकडे सोफ्यावर बसून हसत होतो. आमचंच कुणीतरी पास झाल्यासारखं. मी उठून शिरा केला. म्हटलं, तिची खुशी झाली, आपल्याला खायला काय हरकत आहे.

पुढे तिला गाण्यांच्या एका कंपनीने घेतलं. व्हिडिओ एकदम चकचकीत झाले. मागे मोजे नाहीत, समुद्रकिनारा. दर रविवारचं येणं बंद. गाण्याखाली तिच्या नावाबरोबर आणखी तिघांची नावं, शब्द त्यांनी बसवलेले. शब्द पहिल्या दिवसापासून जागच्या जागी. यांनी अशी दोन गाणी ऐकली आणि भुवया वर करून माझ्याकडे बघितलं. मलाही तसंच वाटत होतं, पण मी म्हटलं, अहो, पोरीला पोट आहे, खाऊ दे की चार घास सुखाने. मग ती चकचकीत गाणीही थांबली. कंपनीने सोडलं होतं तिला. पुढच्या व्हिडिओपर्यंत जवळपास वर्ष गेलेलं होतं. आम्हाला काय, एक बटण दाबलं की पुढचा. पण हे रिमोट हातात घेऊन बसून राहिले, दाबेनात. मला वाटतं, ते वर्ष तिने कसं काढलं असेल त्याचा विचार करत होते. मीही घाई केली नाही.

मग यांनी बटण दाबलं. तीच खोली, तेच कपड्यांचं स्टँड. केस विस्कटलेले, आवाज बसलेला. म्हणाली, मला बरेच दिवस काही सुचत नव्हतं, मला वाटलं माझं संपलं. आज सकाळी एक चाल आली आहे. शब्द नाहीत. आणि ना ना ना सुरू. मी पदर, माझ्या पंजाबी ड्रेसची ओढणी हो, डोळ्यांना लावली. बापरे काय धीर आहे या मुलीत, असं मी मोठ्याने म्हणालेही. लाखो लोकांसमोर उभं राहून आलेली मुलगी परत पलंगावर मांडी घालून बसते आणि सांगते की माझ्याकडे शब्द नाहीत. आमच्या यांना तर महिनोन्महिने मंडळातल्या कुणाला भेटायची इच्छा नव्हती. दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत जायचे.

तिथून तिचं खरं चाललं. कंपनी नाही, मधे कुणी नाही. आधी तिकडच्या पबमध्ये गायली, मग चर्चमध्ये, मग छोट्या हॉलमध्ये. ऐकणारे लोक तेच, खोलीत डोकावणारे, पण ते आता तिकीट काढून उभे राहत होते. आम्हीही तिचे सगळे जुने व्हिडिओ संपवून तिच्या आजच्या दिवसाला येऊन पोचलो. आता आम्हालाही रविवारची वाट बघावी लागायची. आमच्याकडे रविवारची दुपारची जेवणं उरकली की तिचा व्हिडिओ यायचा.

त्या रविवारांमध्ये एक गाणं वाढत होतं. घर सोडून गेल्यावर जुन्या घराची किल्ली परत करायची राहून गेली, असं काहीतरी त्यात होतं. पहिल्या ना ना ना पासून आम्ही तिच्याबरोबरीने वाट बघत ऐकलेलं हे पहिलंच गाणं. एक एक ओळ यायची, जायची, परत यायची. थेरपिस्टला मी हे सांगितलं, तर तिने तेच गाणं घेऊन यांच्याबरोबर काम सुरू केलं. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा, चाल म्हणायची, आणि चालीत एखादा शब्द बसतो का बघायचं. पाणी. चहा. घर. हे चालीत "पा" पर्यंत यायचे. कधी "पाणी" पुरतं यायचं, पण थेरपिस्टने आधी म्हटलं की तिच्यामागून, तिच्या ओठांकडे बघून. एकट्याने नाही.

आणि मग एका रविवारी त्या मुलीचं गाणं पूर्ण झालं. पहिल्यापासून शेवटपर्यंत शब्द, एकही जागा रिकामी नाही. किती सुंदर झालं होतं ते. आणि मला, लाज वाटते सांगायला, तिचा इतका राग आला. हिचे आले बरे सगळे शब्द. आमचे कुठे अडकलेत? मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला लागले, घासलेलीच. हे माझ्यामागे आले, सिंकजवळ उभे राहिले. मी विचारलं, "आवडलं का हो गाणं?" हे म्हणाले, "म्हणजे..." आणि थांबले. मी नळ जोरात सोडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती अमेरिकेत येणार असल्याचं तिने सांगितलं. मोठा थाट नव्हता, एक व्हॅन, दोन वादक, गावोगाव. फिलाडेल्फिया त्यात होतं. आमच्या घरापासून गाडीने तासाभराचा रस्ता. आजारपणानंतर हे कुठल्याही गर्दीत गेले नव्हते. मी यांच्यापुढे फोन धरला आणि विचारलं, "जायचं?" यांनी इतकी जोरात मान हलवली की माझी भांडणाची तयारी वाया गेली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, इट्स स्टँडिंग ओन्ली, यू नो दॅट राइट?" मला कुठलं माहीत? कार्यक्रम म्हटला की खुर्च्या असतात, पुढच्या दोन रांगा राखीव असतात आणि मध्यंतरात बटाटेवडे असतात. शेवटी मुलीनेच त्या हॉलला ईमेल करून, बाबांच्या तब्येतीचं सांगून, स्टेजच्या डाव्या बाजूला भिंतीलगत दोन खुर्च्या मिळवल्या. थालीपिठाचा डबा मात्र दारावरच्या माणसाने आत नेऊ दिला नाही. तिथेच बाजूला ठेवून घेतला.

आत सगळी विशी-पंचविशीतली पोरं. केसांचे नाना रंग. त्यांच्यात आम्ही दोघं, हे इस्त्रीच्या शर्टात आणि मी साडीत, कारण गाण्याला जाताना मी साडीच नेसते. सगळे आमच्याकडे बघून गोड हसत होते. त्यांना वाटलं असेल, कुणाचे तरी आजी-आजोबा वाट चुकले. मग दिवे मंद झाले आणि ती आली.

काय सांगू तुम्हाला. केवढीशी होती. टीव्हीवर बघून बघून मी तिला मनात केवढी मोठी करून ठेवली होती, आणि ही माझ्या खांद्याला लागेल एवढी चिमुरडी. तिने गिटार गळ्यात घातली, पहिली तार छेडली, आणि त्या शेकडो पोरांनी तिच्या आधी गायला सुरुवात केली. प्रत्येक शब्द. मावशी धरून दोघं-तिघं डोकावायचे त्या खोलीत, त्यांची ही एवढी माणसं झाली होती, समुद्राच्या अलीकडे, आणि सगळ्यांना तिचं घर माहीत होतं. मी आयुष्यात मोठमोठ्या गायकांना ऐकलंय, पण एका माणसाने नुसतं दार उघडं ठेवलं तर एवढं होतं, हे मी पहिल्यांदा बघत होते. हे खुर्चीत पुढे सरकून बसले होते, डाव्या हाताचा ठेका मांडीवर चालू होता.

तिने ते किल्लीचं गाणं बऱ्याच वेळाने घेतलं. एकटीने, वादकांना थांबवून. हॉल शांत झाला. हे तिच्याबरोबर हळूच चाल म्हणत होते, ना ना ना, शेजारच्या पोरीने एकदा वळून बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. गाणं संपलं. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी टाळीही वाजवली नाही.

आणि त्या शांततेत माझ्या शेजारून आवाज आला, "वन्स मोअर!"

मंडळाच्या स्टेजवरचा आवाज. मागच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचणारा. आपल्याकडे नाट्यगृहात काय, मैफलीत काय, गाणं काळजाला लागलं की रसिक वन्स मोअर देतो आणि गाणाऱ्याने तेच गाणं तिथल्या तिथे पुन्हा म्हणायचं असतं. इंग्रजी शब्द, पण इंग्रजांना काय ठाऊक? इकडे असलं कुणी करत नाही. इथे सगळा कार्यक्रम संपल्यावर टाळ्या वाजवत बसतात, मग गायक परत येऊन भलतंच काहीतरी गातो. शेकडो माना आमच्याकडे वळल्या. ती डोळ्यांवर हाताची सावली करून आमच्या कोपऱ्यात बघायला लागली.

"सेम वन?" तिने विचारलं. "अगेन?"

यांनी मान हलवली. जोरात. ती हसली, खांदे उडवले, म्हणाली की असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि गिटार सारखी करून तेच गाणं पुन्हा सुरू केलं. पोरांनी एकच गिल्ला केला.

मी यांचा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आणि मी स्वतःला दटावत होते. बाई, शहाणी हो. थेरपिस्टने काय सांगितलंय? हे शब्द घासून गुळगुळीत झालेले आहेत, हे आपोआप निसटतात. शेकडो मैफलींत ओरडलेत ते. यावर आशा बांधू नकोस, नाहीतर पुन्हा तशीच तोंडावर पडशील. मी तिच्याकडे बघत होते, पण गाण्याकडे माझं लक्ष कुठलं? कधी सुरू झालं, कधी संपलं, मला कळलंही नाही. या वेळी पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. ती वाकून सगळ्यांना थँक्यू म्हणत होती.

यांनी माझा हात दाबला. मी वळले. हे माझ्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या, ओठ हलत होते. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"चुकली," हे म्हणाले.

मला टाळ्यांमुळे नीट ऐकू आलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. पण मी ऐकलं होतं. मी कान यांच्या तोंडाजवळ नेला. विचारायला घाबरत होते मी. इतके महिने विचारून विचारून फ्रिजचा आवाज तेवढा ऐकला होता.

"कुठे हो?" मी विचारलं.

हे थांबले. डोळे छताकडे गेले. मी वाट बघितली. बोटांनी मांडीवर ठेका धरला, चाल ओठांत म्हणत म्हणत हे कुठेतरी आत शोधत गेले.

"मधे," हे म्हणाले. मग पुन्हा खूप वेळ शोधलं. "कडवं... खाल्लं."

"मधलं कडवं खाल्लं तिने?"

"सगळं."

समोर ती पुढचं गाणं लावत होती. माझ्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला मला हात मोकळा नव्हता. मी विचारलं होतं आणि यांनी उत्तर दिलं होतं. आता पुढे काय विचारावं, मला सुचेना.